चमक दिसली, पण कुणाची?

संभाजीनगरहून जालना रोडने चिकलठाणा, शेंद्रा, करमाड, बदनापूर असं करत पुढे गेलं की जालन्याच्या अलीकडे दावलवाडी लागते. महिकोच्या संशोधन केंद्रामुळे बियाण्याच्या धंद्यातल्या माणसांना हे नाव पाठ आहे. जानेवारी २०१७ मध्ये ते वेगळ्याच कारणानं बातम्यांत आलं. ब्रिटनची ऑक्सिटेक आणि जालन्याच्या बारवाले परिवारातली जीबीआयटी या दोन कंपन्यांनी तिथे जाळीच्या बंदिस्त पिंजऱ्यांत डासांची चाचणी सुरू केली. डास एडिस इजिप्ती जातीचा, म्हणजे डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा; वाणाचं नाव ओएक्स५१३ए. या वाणात बाहेरची दोन जनुकं घातलेली होती. पुढच्या पिढीला टेट्रासायक्लीन मिळालं नाही तर पहिलं जनुक तिला पंख फुटण्याआधीच मारतं. दुसरं जनुक मारतही नाही आणि तारतही नाही. त्याच्यामुळे अळी ठरावीक प्रकाशात लाल चमकते, एवढंच.

चर्चा सगळी पहिल्या जनुकाची झाली. चाचणीचा हिशेब मात्र दुसऱ्यावर चालतो. प्रयोगशाळेतले नर सोडले, की ते माद्या शोधत फिरतात. नर चावत नाही. कुठल्या मादीचा जोडा कुणाशी जमला हे डोळ्यांनी कळायला मार्ग नसतो. म्हणून अशा कामात ठिकठिकाणी पाण्याची भांडी ठेवून अंडी गोळा करतात, ती प्रयोगशाळेत उबवतात आणि अळ्या फ्लुरोसंट सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. शंभरातल्या चाळीस लाल चमकल्या, तर सोडलेल्या नरांच्या वाट्याला साधारण चाळीस टक्के संतती आली असं धरायचं. नर पुरेसे आहेत की आणखी सोडायचे, ते या आकड्यावरून ठरतं.

हिशेब इतका सरळ का, हे विद्यार्थ्यांनी स्वतः कागदावर मांडून पाहावं. सोडलेल्या नरात त्या जनुकाच्या दोन्ही प्रती असतात, त्यामुळे त्याच्या प्रत्येक अळीला एक प्रत मिळतेच. नरात एकच प्रत असती, तर त्याची निम्मी संतती न चमकणारी निघाली असती आणि चाळीसच्या जागी वीसच मोजल्या गेल्या असत्या. शिवाय मारणारं जनुक उशिरा, अळीच्या शेवटच्या आणि कोषाच्या अवस्थेत परिणाम दाखवतं, म्हणून मोजणी होईपर्यंत अळ्या जिवंत असतात. मेंडेलच्या वाटाण्यांचा कंटाळा आलेल्या वर्गाला हे उदाहरण द्या; तीच गणितं आहेत, फक्त घरापासून तासाभराच्या अंतरावरची.

संभाजीनगर, जालना, परभणी, बीड इथल्या महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. फ्लुरोसंट प्रथिन मार्कर म्हणून वापरायचं तर काय निवडायचं, कसं पाहायचं आणि कुठे फसायला होतं, ते सांगायचं आहे. यातलं फसण्याचं प्रकरण सर्वांत लांबणार, कारण चमक दिसणं सोपं आहे. ती आपल्याच जनुकाची आहे हे दाखवणं अवघड.

मार्कर म्हणजे जनावराच्या कानातला बिल्ला. बिल्ल्यानं गाय जास्त दूध देत नाही, पण कळपात ती कोणती हे कळतं. तुम्ही पेशीत एखादं जनुक घालता, तेव्हा लाखांतल्या थोड्याच पेशींत ते शिरतं. त्याच्याशी चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडलेलं असेल, तर त्या थोड्या पेशी वेगळ्या काढता येतात, तेही त्यांना न मारता.

यातलं पहिलं प्रथिन समुद्रातून आलं. ओसामू शिमोमुरा यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बर इथे हजारो जेलीफिश गोळा करून त्यांच्या कडा कापल्या, पिळल्या आणि १९६२ मध्ये एक्वोरिन या निळ्या उजेडाच्या प्रथिनाबद्दल लिहिलं. हिरव्या चमकीचं दुसरं एक प्रथिन त्या लेखात जाता जाता नोंदवलेलं आहे. तेच पुढे जीएफपी म्हणून गाजलं. डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये त्याचं जनुक वेगळं केलं आणि मागणाऱ्यांना पाठवलं. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये ते ई. कोलाय जिवाणूत आणि एका सूत्रकृमीत चमकवून दाखवलं, रॉजर त्सिएन यांनी त्याच्या रंगांची रांग उभी केली. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जनुक वाटून देणारे प्रॅशर त्या वेळी अलाबामात मोटारींच्या एका शोरूमची गाडी चालवत होते. विज्ञानाच्या इतिहासातली ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

चाल्फींच्या प्रयोगाचं महत्त्व वेगळ्याच गोष्टीत होतं. जीएफपीची चमक त्याच्याच साखळीतल्या ६५, ६६ आणि ६७ क्रमांकाच्या अमिनो आम्लांतून तयार होते. २३८ अमिनो आम्लांची साखळी पिंपासारखी गुंडाळते, ही तीन अमिनो आम्लं पिंपाच्या आत अडकतात आणि आपसांत जुळून रंगद्रव्य बनतं. त्यासाठी दुसरं कोणतंही विकर किंवा जेलीफिशमधलं द्रव्य लागत नाही. लागतो तो फक्त ऑक्सिजन, आणि थोडा वेळ. म्हणून हे जनुक जिवाणूत, डासात, कपाशीत, कुठेही चालतं. म्हणूनच हवा नसलेल्या बाटलीत वाढवलेले जिवाणू जनुक असूनही फिके दिसतात, आणि प्रथिन तयार झाल्याबरोबर लगेच पाहिलं तर काही दिसत नाही.

आता निवडीबद्दल. विद्यार्थी आधी प्लास्मिड मागवतात आणि मग ते पाहायचं कशानं याचा विचार करतात. क्रम उलटा हवा. आपल्याकडे कोणता प्रकाश आहे, त्यावरून प्रथिन निवडा.

महाविद्यालयात फ्लुरोसंट सूक्ष्मदर्शक नसेल, तर नोटा तपासायची जांभळी टॉर्च घ्या. तिचा प्रकाश बहुधा ३६५ किंवा ३९५ नॅनोमीटरचा असतो. मूळ जीएफपी आणि त्याची जीएफपीयूव्ही ही सुधारित जात ३९५ च्या आसपास प्रकाश शोषते, त्यामुळे या टॉर्चखाली छान हिरवी दिसते. शाळा-महाविद्यालयांत प्रात्यक्षिकासाठी येणाऱ्या पीग्लो किटमध्ये याच प्रकारचं प्रथिन आहे. पण संशोधनाच्या बहुतेक प्लास्मिडमध्ये ईजीएफपी असतं. ते ४८८ ला, म्हणजे निळ्या प्रकाशात पेटतं. जांभळ्या टॉर्चखाली अगदीच मलूल दिसतं. अशा वेळी ‘प्रयोग फसला’ म्हणत प्लेट टाकून देऊ नका. ज्या प्रयोगशाळेत डीएनएची जेल पाहायला निळ्या प्रकाशाचा ट्रान्सइल्युमिनेटर आहे, तिथे ती प्लेट ठेवा आणि नारिंगी झाकणातून पाहा. झाकण हाच फिल्टर: दिव्याचा निळा प्रकाश अडतो, प्रथिनाचा हिरवा तेवढा बाहेर येतो. झाकणाऐवजी गणपतीच्या आराशीचा नारिंगी जिलेटीन कागदही कामचलाऊ ठरतो. आधी त्यातून नुसत्या निळ्या दिव्याकडे बघायचं. निळं दिसत असेल तर आणखी एक थर लावायचा.

काहीच नसेल तर लाल घ्या. एमचेरी किंवा एमआरएफपी भरपूर बनवणारी ई. कोलायची कॉलनी एक-दोन दिवसांत उन्हातल्या साध्या उजेडातही गुलाबी-जांभळट दिसते. कुलूपबंद कपाटातल्या सूक्ष्मदर्शकाची किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यापेक्षा हे बरं. लाल प्रथिनांचा उगमही मजेदार आहे. पहिलं डीएसरेड डिस्कोसोमा या प्रवाळसदृश प्राण्यातून १९९९ मध्ये आलं. मूळ डीएसरेडचे चार रेणू एकमेकांना चिकटून राहतात आणि ते पूर्ण पक्व व्हायला दिवसाहून अधिक वेळ घेतं. डीएसरेड२ ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती, आणि दावलवाडीच्या डासात तीच होती. त्सिएन यांच्या गटानं २००४ मध्ये दिलेलं एमचेरी एकेकटं राहतं, म्हणून दुसऱ्या प्रथिनाला जोडायचं तर ते जास्त सोयीचं.

एक सावधगिरी. लॅमिनार फ्लोमधला जंतुनाशक दिवा २५४ नॅनोमीटरचा असतो. त्याखाली प्लेट धरून पाहू नका. जिवाणू मरतात, त्वचा आणि डोळे भाजतात, आणि जीएफपी धड पेटतही नाही. यूव्ही ट्रान्सइल्युमिनेटर वापरायचा तर चेहरा झाकणारी ढाल लावा आणि काही सेकंदांत काम उरका.

या तयारीनंतर नेहमीचा वर्ग-प्रयोग करा. ई. कोलायच्या पेशी कॅल्शियम क्लोराईडमध्ये बर्फावर दहा मिनिटं, त्यात प्लास्मिड, मग ४२ अंशांच्या पाण्यात पन्नास सेकंद, परत बर्फावर दोन मिनिटं. प्लास्मिडमध्ये जीएफपी, अ‍ॅम्पिसिलिन सहन करण्याचं जनुक आणि अ‍ॅरॅबिनोज साखरेनं सुरू होणारा प्रमोटर असतो. प्लेट चार लागतात. प्लास्मिड नसलेल्या पेशी साध्या एलबीवर. प्लास्मिड नसलेल्या पेशी अ‍ॅम्पिसिलिनवर. प्लास्मिडवाल्या पेशी अ‍ॅम्पिसिलिनवर. आणि प्लास्मिडवाल्या पेशी अ‍ॅम्पिसिलिन-अ‍ॅरॅबिनोजवर. चमकते ती फक्त चौथी. विद्यार्थी चौथीचा फोटो काढून मोकळे होतात. खरं शिकायचं असतं ते तिसरीतून: तिच्यात जनुक आहे, कॉलन्या भरपूर आहेत, आणि त्या पांढऱ्याच आहेत. जनुक असणं आणि जनुक चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिसऱ्या प्लेटइतकं स्वच्छ दुसरं काही सांगत नाही. माध्यमात ग्लुकोज पडलं तर चौथीही पांढरी राहते, कारण ग्लुकोज असताना तो प्रमोटर झोपून राहतो. साखरेची बाटली उचलताना लेबल वाचा.

इथून फसण्याच्या जागा सुरू होतात. आपल्या हवामानात पहिली जागा तापमानाची. मूळ जीएफपी थंड समुद्रातल्या प्राण्याचं. ३७ अंशांना ते नीट घडी घेत नाही. सुधारित जाती त्यामानानं खपवून घेतात, तरी रात्रभर ३७ ला वाढवल्यावर प्लेट एखादा दिवस थंडाव्यात राहू दिली की चमक खुलते. मे महिन्यात बाकावर ठेवलेली प्लेट चाळिशी ओलांडते, हे लक्षात असू द्या. त्याच उन्हात अ‍ॅम्पिसिलिन हळूहळू निकामी होतं. शिवाय खऱ्या कॉलनीतून सुटणारं विकर भोवतालचं अ‍ॅम्पिसिलिन खाऊन टाकतं आणि तिच्याभोवती प्लास्मिड नसलेल्या बारीक कॉलन्या उगवतात. त्या चमकत नाहीत. त्यांना ‘जनुक बंद पडलेल्या पेशी’ म्हणून प्रबंधात जागा देऊ नका. वाढ लांबवू नका, आणि जमलं तर कार्बेनिसिलिन वापरा.

दुसरी जागा याच्या अगदी उलट: जनुक नाही आणि चमक आहे. स्यूडोमोनास गटातले जिवाणू स्वतःच निळसर-हिरवं चमकणारं द्रव्य सोडतात. त्यातले पुष्कळ जिवाणू अ‍ॅम्पिसिलिनला जुमानत नाहीत. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स तर कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्माच्या शेजारी पावडर म्हणून विकायला असतो, म्हणजे शेतीच्या महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत तो हवेत, धुळीत असणारच. तुमच्या प्लेटवर तो पडला तर हिरवी कॉलनी बघून आनंद होईल आणि पीसीआर केल्यावर विरेल. ओळखायची सोपी खूण आहे. स्यूडोमोनासचं द्रव्य अगारमध्ये पसरतं, कॉलनीभोवती धूसर वलय उठतं. जीएफपी पेशीच्या आत राहतं, त्यामुळे चमक कॉलनीच्या कडेला तुटते. मी तर म्हणेन, ही पावडर मुद्दाम आणा, लोह कमी असलेल्या किंग्ज बी माध्यमावर वाढवा आणि वर्गात दोन्ही प्लेट शेजारी ठेवा. फसवणूक एकदा डोळ्यांनी पाहिली की विसरत नाही.

चमकणाऱ्या गोष्टी आपल्याभोवती पुष्कळ आहेत. पालकाचा स्पिरिटमधला अर्क जांभळ्या टॉर्चखाली रक्तासारखा लाल दिसतो, कारण हरितद्रव्य लाल प्रकाश सोडतं. हळदीचा अर्क पिवळट-हिरवा. एलबी माध्यमातल्या यीस्टच्या अर्कातही हिरवं चमकणारं राइबोफ्लेविन असतं, म्हणून यंत्रावर आकडे घेताना एम९ सारखं साधं माध्यम बरं. डासाच्या अळीचं कवच आणि पोटातलं अन्नही चमकतं. म्हणूनच शेजारी जनुक नसलेला, तोच खुराक खाल्लेला, त्याच वयाचा जोडीदार हवा. त्याच्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय चमकीचा निर्णय देऊ नये.

तिसरी जागा तुमच्या खिशात आहे. मोबाइलचा कॅमेरा अंधारात आपण होऊन एक्सपोजर वाढवतो. कंट्रोलची काळी प्लेट वेगळ्या फोटोत घेतली तर तीही हिरवट दिसू लागते, आणि चमकणारी प्लेट पांढरी पडते. दोन्ही प्लेट एकाच फोटोत घ्या, नाहीतर प्रो मोडमध्ये जाऊन एक्सपोजर आणि आयएसओला कुलूप लावून ठेवा. नाइट मोड बंद.

कपाशीकडे वळू, कारण मराठवाड्यात पानात जनुक शोधायचं म्हटलं की कपाशीच समोर येते. बोलगार्ड-२ या बीटी कपाशीला भारतात २००६ मध्ये परवानगी मिळाली. त्या वाणात बोंडअळीविरुद्धच्या जनुकांशिवाय युआयडीए नावाचं एक मार्कर जनुकही आहे, ई. कोलायमधून घेतलेलं. ते जीयूएस नावाचं विकर बनवतं. म्हणजे आपल्या बहुतेक शेतांत मार्कर जनुक कैक वर्षं उभं आहे, फक्त ते चमकत नाही. पानाची चकती एक्स-ग्लुक या रसायनात ३७ अंशांना रात्रभर ठेवली आणि नंतर स्पिरिटनं हिरवा रंग काढून टाकला, की जीयूएस असलेल्या पेशी निळ्या उरतात. यासाठी कंट्रोल पाकिटातच मिळत होता: बीटीच्या पाकिटासोबत येणारं नॉन-बीटीचं छोटं पाकीट, जे अनेक शेतकरी लावतच नाहीत. आता पुष्कळ कंपन्या नॉन-बीटी बी त्याच पिशवीत मिसळून देतात. तेव्हा शेतातून खुडलेलं पान बीटीचंच असेल हे गृहीत धरू नका. आधी बीटी प्रथिनाच्या पट्टी चाचणीनं खात्री करा, मग निळा रंग शोधा.

जीयूएसचा निळा रंग पक्का आहे, पण त्यासाठी पान मरतं. चमकणारं प्रथिन त्याच रोपात, त्याच पेशीत दररोज पाहता येतं. वनस्पतीत मात्र ६५० नॅनोमीटरच्या पुढे हरितद्रव्याचा लाल उजेड पानभर पसरलेला असतो. त्यामुळे गडद लाल प्रथिनांचा हट्ट धरू नये. ईजीएफपी आणि ५०० ते ५५० एवढंच जाऊ देणारा फिल्टर, ही जोडी पानासाठी बरी. मुळं आणि बीजाचे गर्भ यांत हरितद्रव्य नसतं किंवा कमी असतं, तिथे सुरुवात करा.

पदव्युत्तर प्रकल्पात बहुतेकांना मार्करपलीकडे जायचं असतं: प्रथिन कुठे जातं, जनुक कधी सुरू होतं. इथे नमुना पाहायचा तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संध्या कौशिका यांच्या गटाचं काम वाचा. पारदर्शक सूत्रकृमीच्या स्पर्श ओळखणाऱ्या चेतापेशींमध्ये जीएफपी जोडलेल्या पुटिकांची ये-जा ते जिवंत प्राण्यात पाहतात. चाल्फींनी १९९४ मध्ये चमकवल्या त्या याच पेशी. पुण्याच्या आयसरमध्ये रिचा रिखी यांचा गट फळमाशीच्या गर्भात अशा खुणा लावून पेशींचे पडदे कसे घडतात ते पाहतो. दोन्ही ठिकाणी प्रथिनाला जीएफपी चिकटवलेलं असतं, आणि जोडायचं कुठे हा निर्णयच अर्धी लढाई असतो. जीएफपीचं वजन साधारण २७ किलोडाल्टन. तुमचं प्रथिन त्याहून लहान असेल तर शेपूट कुत्र्यालाच हलवेल. एका टोकाला जोडून पाहा, दुसऱ्या टोकाला जोडून पाहा, मध्ये लवचीक दुवा ठेवा, आणि जोडलेलं प्रथिन मूळ काम करतं की नाही हे वेगळं तपासा. नुसतं चमकणारं आणि काम न करणारं प्रथिन पेशीत भलतीकडेच जाऊन बसतं.

जनुक कधी बंद झालं हे शोधणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. जीएफपी चिवट आहे. जनुक बंद झालं तरी जुनं प्रथिन तासन्‌तास, प्राण्यांच्या पेशीत दिवसभरसुद्धा चमकत राहतं. असं काम असेल तर लवकर मोडणारी जात घ्या. पेशी जतन करायच्या तर फॉर्मल्डिहाइडनं. अ‍ॅसिटोन किंवा मिथेनॉलनं चमक मरते. काचपट्टी सील करायला नेलपॉलिश लावतात, त्यातला द्रावक आत झिरपला की तेच होतं. माध्यम आंबट झालं, पीएच सहाच्या खाली गेला, तर ईजीएफपी मंद पडतं.

संभाजीनगरच्या आपल्या विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट केंद्रात डीएनए बारकोडिंग चालतं. तिथे अनुक्रम वाचताना ए, टी, जी, सी यांना चार रंगांचे फ्लुरोसंट डाय असतात. नवखे विद्यार्थी हे आणि जीएफपी एकच समजतात. डाय बाहेरून लावलेलं रसायन आहे, पेशी ते पुढच्या पिढीला देत नाही. फ्लुरोसंट प्रथिन जनुकातून येतं, म्हणून नातवंडांतही दिसतं. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

पण नातवंडांत दिसतं ते तरी किती? पुन्हा त्या डासाकडे या. ब्राझीलमधल्या जाकोबिना गावात ओएक्स५१३ए डास उघड्यावर सोडले गेले. पॉवेल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये लिहिलं, की सोडलेल्या वाणाचे इतर जनुकीय अंश स्थानिक डासांत सापडले. त्या लेखातल्या निष्कर्षांच्या मांडणीवर नियतकालिकानं पुढच्या वर्षी संपादकीय चिंता नोंदवली, आणि डास जास्त घातक झाले असं त्या लेखात सिद्ध झालेलंही नव्हतं. वाद बाजूला ठेवून विद्यार्थ्यानं त्यातली पद्धत समजून घ्यावी. ते अंश लाल चमकीनं सापडले नाहीत. संपूर्ण जनुकसंचातले फरक तपासून सापडले. थोडी संतती मरणाच्या जनुकातून निसटून वाढते, तिची पुढची पिढी होते, आणि दर पिढीत जनुकांची फेरवाटणी होते. लाल जनुक ज्या तुकड्यात आहे तेवढ्याचीच साक्ष देतं. बाकीच्या गुणसूत्रांवर त्या वाणाचं काय उरलं, यावर ते गप्प असतं. तुमच्या प्रकल्पातही न चमकणाऱ्या रोपाला किंवा माशीला ‘जनुकबदल नसलेली’ म्हणायच्या आधी पीसीआर करा.

नियमांचं थोडक्यात. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम पुनर्संयोजित डीएनएच्या कामाला लागू आहेत. संस्थेची जैवसुरक्षा समिती, जिला सगळे आयबीएससी म्हणतात, तिला आधी कळवा, साधा ई. कोलायचा प्रयोग असला तरी. आपल्या महाविद्यालयात समिती नसेल तर जिथे आहे त्या संस्थेशी जोडून घ्या. पेशींचा जोखीम-वर्ग बदलला, वनस्पती किंवा कीटक आले, तर काम आरसीजीएम या केंद्रीय समितीपर्यंत जातं, आणि शेतात न्यायचं असेल तर जीईएसी या दुसऱ्या केंद्रीय समितीपर्यंत. त्याच नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समितीचीही तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यात ती कितपत जागी असते हा प्रश्न विचारायला हरकत नाही. वापरलेल्या प्लेट ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात जाऊ देऊ नका. चमकणारी प्लेट आठवण म्हणून घरी न्यायचा मोह दर वर्षी एखाद्याला होतोच. त्याला फोटो द्या.

त्या फोटोखाली ‘जीएफपी असलेले जिवाणू’ एवढंच लिहून भागत नाही. कोणती जात, कोणतं प्लास्मिड, माध्यमात काय, किती अंशांना किती तास, कोणत्या नॅनोमीटरचा दिवा, कोणता फिल्टर, एक्सपोजर किती, हे सगळं त्या ओळीत आलं पाहिजे. उदाहरणार्थ: ‘ई. कोलाय, जीएफपीयूव्ही, एलबी-अ‍ॅम्पिसिलिन, डावीकडे अ‍ॅरॅबिनोजशिवाय, उजवीकडे अ‍ॅरॅबिनोजसह, ३७ अंश, १८ तास, ३९५ नॅनोमीटरची टॉर्च, पिवळा फिल्टर, एक्सपोजर अर्धा सेकंद, दोन्ही प्लेट एकाच फोटोत.’ फोटो उजळवला असेल तर तेही लिहा, आणि उजळवताना तो पूर्ण फोटो एकाच मापानं उजळवा, फक्त उजवी बाजू नव्हे.